पोहताना दम का लागतो?



या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला बोलावले, तेव्हा आम्ही किमान वेतनावर किंवा कामगार कायद्यांवर बोलू अशी त्यांची अपेक्षा असावी. गेली तीस वर्षे आम्ही दुसरे काही बोललेलोच नाही. म्हणून आम्ही ‘पोहणे’ हा विषय कळविला, तेव्हा चिटणिसांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. परंतु आमचा आग्रह कायम राहिला. याला कारण आहे आणि ते आधी सांगितले पाहिजे.

आमचे गाव पंचगंगेच्या काठचे, यंत्रमागाचे. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णा-पंचगंगेला महापूर आला आणि सखल भागातल्या वस्त्यांत पाणी शिरले. ज्या घराच्या माडीवर आम्ही अडकलो, त्याच्या जिन्याच्या सहा पायऱ्या पाण्याखाली होत्या. शेजारच्या घरातल्या म्हाताऱ्या आजींची औषधे आमच्याकडे राहिली होती. दोन घरांतले अंतर वीस पावलांचेही नसेल. गल्लीतले पाणी वाहते नव्हते, तुंबलेले होते. ते काम वीस वर्षांच्या एका पोराने केले. औषधाची पिशवी डोक्याला बांधून तो गेला आणि परत आला. आम्ही, मोर्चाच्या पुढे चालणारे, जिन्याच्या सातव्या पायरीवर बसून होतो. लहानपणी पाठीला पत्र्याचा डबा बांधून आम्हांला विहिरीत ढकलले होते. तेव्हा पोटभर पाणी प्यालो, ते पुन्हा पाण्याकडे फिरकलो नाही. ती सातवी पायरी मनातून गेली नाही. मध्ये साथीच्या वर्षांत तलाव बंद होते. २०२२ साली ते उघडले आणि पन्नाशीला टेकलेले आम्ही पहाटेच्या वर्गात दाखल झालो.

तेथे जे शिकलो, त्यातला एकच भाग आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे. आम्ही जलतरणपटू नाही, शरीरशास्त्राचे पंडित तर नाहीच नाही. सातवीनंतर शाळा सुटली आणि पुढचे शिक्षण वाचनालयात व कारखान्याच्या दारात झाले. परंतु ज्याला एखादी गोष्ट उशिरा आणि कष्टाने समजते, त्याला ती कोठे अडते हे चांगले ठाऊक असते. तेवढ्याच अधिकारावर आम्ही बोलत आहोत.

पंधरा मीटरांचे कोडे

दोन महिन्यांत आम्हांला हातपाय मारता येऊ लागले. शिकविणाऱ्याने फ्रीस्टाइल सुरू केली. फ्रीस्टाइल म्हणजे शब्दशः मुक्त शैली. शर्यतीत या प्रकारात कसेही पोहण्याची मुभा असते. परंतु पालथे पडून आळीपाळीने एकेक हात पाण्यावरून पुढे टाकायचा आणि पाय खालीवर हलवायचे, ही क्रॉल नावाची रीत सर्वांत वेगवान ठरल्यामुळे सगळे तीच वापरतात. म्हणून व्यवहारात फ्रीस्टाइल म्हणजे क्रॉल असेच समीकरण झाले आहे.

या रीतीने आम्ही पंधरा मीटर जात असू. सोळाव्या मीटरला छाती फुटावयाची वेळ येई आणि हात तलावाच्या कठड्याकडे धावे. आता गंमत पाहा. हाच माणूस दहा मैलांचा मोर्चा चालत होता, चार मजले न थांबता चढत होता. बारा तासांची पाळी करून आलेला आमचा एक सभासद, लोखंडाच्या कांबीसारखा, तोही पंधरा मीटरांतच धापा टाकी. आणि शेजारच्या पट्ट्यात एक साठीच्या बाई, ज्यांना जिना चढताना कठड्याचा आधार लागे, त्या पंचवीस मीटरांच्या तलावात शांतपणे वीस फेऱ्या मारीत.

तेव्हा दम ताकदीअभावी लागत नाही, हे उघड झाले. मग तो कशामुळे लागतो?

शिकविणारा आमच्या निम्म्या वयाचा. एके दिवशी तो आमच्या बाजूने पाण्यात बुडी मारून पाहत राहिला आणि वर येऊन म्हणाला, “काका, तुमच्या तोंडासमोर बुडबुडाच नाही. तुम्ही श्वास सोडता तरी कधी?”

या प्रश्नातच सगळ्याचे उत्तर आहे.

आधी रेचक, मग पूरक

आपल्याकडे प्राणायामाचे शब्द घरोघर माहीत आहेत. श्वास आत घेणे तो पूरक, कोंडून धरणे तो कुंभक आणि बाहेर सोडणे तो रेचक. नवशिका पाण्यात तोंड घालतो तो भीतीने. भ्यालेला माणूस पहिली गोष्ट करतो ती कुंभक. छाती फुगवून, गाल फुगवून तो हवा धरून ठेवतो. तोंड बाहेर आले की त्याला एकाच क्षणात दोन कामे करावी लागतात, जुनी हवा टाकणे आणि नवी घेणे. तोंड बाहेर असते एका सेकंदाहूनही कमी वेळ. तेवढ्यात दोन्ही कामे होत नाहीत. तो अर्धी सोडतो, अर्धी घेतो आणि पुन्हा तोंड पाण्यात घालतो. असे सात-आठ वेळा झाले की छाती भरलेली असते, पण ती शिळ्या हवेने. भरलेल्या घागरीवर नळ कितीही जोरात सोडला, तरी ताजे पाणी बाहेरच सांडणार! घागर आधी उपडी केली पाहिजे.

येथे शरीराची एक खूण लक्षात घेण्याजोगी आहे. आपण जी हवा घेतो तिच्यात प्राणवायू शेकडा २१ असतो आणि जी सोडतो तिच्यात तो शेकडा १६ च्या आसपास शिल्लक असतो. म्हणजे एका श्वासात आपण त्याचा लहानसा वाटाच वापरतो. मग श्वास कोंडल्यावर इतक्या लवकर जीव का घाबरतो? कारण ‘श्वास घे’ अशी हाक शरीर देते ती मुख्यतः प्राणवायू संपला म्हणून नव्हे, तर कर्बाम्ल वायू साचला म्हणून. आजची मुले त्यालाच कार्बन डायऑक्साइड म्हणतात. रक्तात तो वाढला की मेंदू घंटा वाजवू लागतो. छातीत हवा आहे आणि तरी जीव गुदमरतो, या विचित्र अनुभवाचे कारण हे आहे. त्यावर उपाय अधिक हवा ओढणे हा नसून साचलेली बाहेर टाकणे हा आहे.

नवशिक्याला वाटते, हवा सोडली तर बुडू. या भीतीत थोडे तथ्य आहे. भरलेली छाती तरंगते आणि हवा पूर्ण सोडली तर बरेच लोक हळूहळू खाली जातात. परंतु कोणीही छाती पूर्ण रिकामी करावयास सांगत नाही, आणि ती होतही नाही. धडधाकट पुरुष जोर लावून चार-पाच लिटर हवा आत-बाहेर करू शकतो आणि सगळा जोर लावून सोडल्यावरही लिटरभर हवा फुप्फुसांत राहतेच. शिवाय लागलीच नवा श्वास येणार असतो. तेव्हा सोडावयाचे ते संथ धारेने. तोंड पाण्यात गेल्याबरोबर नाकातून, गुणगुणल्यासारखी हवा सोडण्यास सुरुवात करावी आणि तोंड बाहेर येण्याच्या ऐन क्षणी उरलेली तोंडातून फुंकून टाकावी. या शेवटच्या फुंकरीने ओठांवरचे पाणीही उडते आणि आत येणारा श्वास कोरडा येतो.

आणि श्वास आत घेणे? ते मुद्दाम शिकावे लागतच नाही. छाती रिकामी झाली, तोंड हवेत आले की श्वास आपला आपण आत येतो. शिकावयाचे असते ते सोडणे.

मान वर काढण्याचा मोह

आता वेळेकडे वळू. परंतु त्याआधी हा प्रश्न उद्भवला कोठून ते पाहणे मनोरंजक होईल.

आपल्या नदी-विहिरीत पोहणारी पोरे मान वर काढून पोहतात. त्यांना श्वासाची वेळ साधावी लागत नाही, कारण नाक सदैव हवेत असते. युरोपातही पूर्वी छातीवर पालथे होऊन, बेडकासारखे हातपाय मारीत, मान वर ठेवून पोहणे हेच सभ्यपणाचे समजत. १८४४ साली लंडनमध्ये उत्तर अमेरिकेतील दोन मूळ रहिवाशांनी पाण्यावरून हात फिरवीत झपाट्याने पोहून दाखविले, तर प्रेक्षकांना त्यांचा वेग दिसला नाही, उडणारे पाणी तेवढे खटकले! पुढे १८७३ च्या सुमारास जॉन ट्रजन या इंग्रजाने दक्षिण अमेरिकेत पाहिलेली दोन्ही हात पाण्याबाहेरून टाकण्याची रीत इंग्लंडात रूढ केली. डोके मात्र वरच राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी सिडनीत, सॉलोमन बेटांतून आलेल्या ॲलिक विकहॅमच्या आणि कॅव्हिल बंधूंच्या पोहण्यातून क्रॉल पुढे आला. १९१२ साली स्टॉकहोमच्या ऑलिंपिकमध्ये हवाईच्या ड्यूक कहानामोकूने १०० मीटरची शर्यत जिंकली आणि बेटांवरच्या लोकांची ही विद्या जगाने मान्य केली. ज्यांना अडाणी म्हटले त्यांच्याकडूनच शिकावे लागले, हे आम्हां कामगारांना विशेष गोड वाटते. असो.

वेग हवा तर अंग पाण्यावर फळीसारखे आडवे पाहिजे. अंग आडवे पाहिजे तर तोंड पाण्यात पाहिजे. आणि तोंड पाण्यात गेले की श्वास केव्हा घ्यावा हा प्रश्न आलाच.

पाण्यातले शरीर तराजूच्या दांडीसारखे असते. हवेने भरलेली छाती तिला मधोमध तोलून धरते. डोके चार-पाच किलो वजनाचे. ते पाण्याच्या आधाराने असते तोवर त्याचे ओझे वाटत नाही. वर उचलले की कंबर आणि पाय खाली जातात आणि आडवे शरीर तिरपे होते. मग आपण पाणी कापीत नाही, पाणी ढकलीत जातो. हात दुप्पट राबतात, दम दुप्पट लागतो आणि दम लागला म्हणून माणूस मान आणखी वर काढतो. कर्ज फेडण्यासाठी कर्ज काढावे, तसा हा प्रकार आहे.

म्हणून मान उचलावयाची नाही, वळवावयाची. ती एकटीही वळवावयाची नाही, खांद्याबरोबर वळवावयाची.

नेमकी वेळ

उजव्या बाजूने श्वास घेणाराचे उदाहरण घेऊ. डावा हात पुढे पाण्यात शिरून लांब होत आहे. त्याच वेळी उजवा हात पोटाखालून मांडीकडे पाणी रेटीत आहे. या दोन हालचालींमुळे अंग डाव्या कुशीकडे कलते आणि उजवा खांदा वर येतो. झोपेत आपण कूस बदलतो त्याची ही अर्धी हालचाल म्हणा. डोके या खांद्याबरोबर वळू दिले की तोंड आपोआप पाण्याच्या काठाशी येते. उजवा हात मांडीजवळ पाण्याबाहेर निघतो, तोच श्वास घेण्याचा क्षण. हात कोपरातून वाकून खांद्याशेजारून पुढे जाऊ लागला की तोंड परत फिरावयास लागले पाहिजे आणि हात पुढे पाण्यात पडण्याआधी दृष्टी तळाच्या फरशीवर आलेली पाहिजे. थोडक्यात, जाताना खांद्याबरोबर जावे आणि येताना हाताच्या आधी यावे.

नवशिक्याची सर्वांत मोठी चूक येथे होते. तो उशीर करतो. हात बाहेर निघून हवेत येईपर्यंत तो तोंड पाण्यातच ठेवतो आणि मग घाईने मान वळवितो. तोवर अंग परत फिरू लागलेले असते. खांदा खाली, तोंड वर, अशी ओढाताण होते. तोल सावरण्यासाठी पुढचा डावा हात पाणी खाली दाबू लागतो. ज्या हाताने अंग पुढे न्यावयाचे, तो आधाराच्या काठीसारखा वापरला जातो. दाबलेला हात खचतो, त्याबरोबर डोके खचते आणि श्वासाऐवजी पाणी घशात जाते. “मला लाटेने पाणी पाजले,” असे आपण म्हणतो. लाटेचा काही दोष नसतो, आपण पाळी चुकविलेली असते.

तोंड किती बाहेर काढावे? फार थोडे. पोहणारा पुढे सरकतो तेव्हा होडीच्या नाळीपुढे उठते तशी लहानशी लाट त्याच्या डोक्यापुढे उठते आणि तिच्यामागे, गालाशेजारी, पाण्याला खळगा पडतो. त्या खळग्यात हवा तलावाच्या पातळीच्या किंचित खालीच मिळते. म्हणून एक डोळा पाण्यात आणि एक बाहेर, इतकेच वळणे पुरते. छत किंवा आकाश दिसू लागले तर आपण गरजेपेक्षा जास्त वळलो असे समजावे. तोंड कसे करावे हे सांगावयास आम्हांला एक घरगुती उपमा सापडली. पान खाणारा माणूस अंगावर न उडविता पिंक टाकताना ओठ जसे एका गालाकडे नेतो, तसे ते न्यावेत. सभ्य उपमा नव्हे, पण उपयोगी आहे!

हे सगळे ऐकून आमचा गोंधळच वाढला होता. हाताकडे पाहावे तर श्वास चुकतो, श्वासाकडे पाहावे तर पाय थांबतात. तेव्हा तो शिकविणारा दुसरा प्रश्न बोलला, “काका, घोषणा देताना तुम्ही श्वास केव्हा घेता?” आम्ही तीस वर्षांत याचा विचार केला नव्हता. घरी येऊन मोठ्याने घोषणा देऊन पाहिली. पुढारी ओरडतो, “कामगार एकजुटीचा!” आणि मागून हजार गळ्यांतून येते, “विजय असो!” जमाव उत्तर देत असतो तेवढ्यात पुढारी श्वास घेतो. त्यासाठी मोर्चा थांबत नाही, घोषणाही थांबत नाही. श्वासाची जागा घोषणेच्या चालीतच ठेवलेली असते. जो नवखा पोरगा हुरूप येऊन जमावाचे उत्तरही स्वतःच ओरडतो, त्याचा घसा दहा मिनिटांत बसतो.

दुसऱ्या दिवशी पाण्यात आम्ही मनातल्या मनात तीच चाल धरली. तोंड पाण्यात, हवा सोडीत, “कामगार एकजुटीचा”. खांदा वर, तोंड बाहेर, “विजय असो” आणि श्वास. त्या दिवशी पंचवीस मीटर झाले. पलीकडची भिंत हाताला लागली तेव्हा आपण थांबलो का, हे आम्हांला क्षणभर कळेना, कारण दम लागलेला नव्हता.

दोनाला की तिनाला?

श्वास किती हातांनी घ्यावा, याविषयी तलावावर फार वाद चालतात. आपण साधे अंकगणित करू. सावकाश पोहणारा मिनिटाला साठ हात मारतो असे धरा. तो दर दोन हातांना, म्हणजे नेहमी एकाच बाजूने, श्वास घेत असेल तर मिनिटाला तीस श्वास होतात. दर तीन हातांना, म्हणजे एकदा उजवीकडून व एकदा डावीकडून घेत असेल तर वीस. आणि दर चार हातांना घेत असेल तर पंधरा. आता, आरामात बसलेला माणूस मिनिटाला बारा ते वीस श्वास घेतो. म्हणजे चाराला श्वास घेणारा नवशिका काम करतो कारखान्याचे आणि श्वास घेतो आरामखुर्चीतला. त्याला दम लागला तर नवल कसले?

तेव्हा कमी श्वास घेणे ही बहादुरी नव्हे. ५० मीटरच्या शर्यतीत अव्वल पोहणारे एखादाच श्वास घेतात, काही तर एकही घेत नाहीत. परंतु त्यांची शर्यत वीस-पंचवीस सेकंदांत आटोपते आणि त्यामागे वर्षांची तालीम असते. लांब पल्ल्याचे बहुतेक नामांकित जलतरणपटू दोनालाच श्वास घेतात, कारण त्यांना हवा हवी असते. तिनाला घेण्याचा फायदा निराळा आहे. दोन्ही बाजूंना वळण्याची सवय होऊन अंग दोन्हीकडे सारखे फिरते, एक खांदा जास्त झिजत नाही, आणि उघड्या पाण्यात एका बाजूने लाटा येत असल्या तर दुसऱ्या बाजूने श्वास घेता येतो. आमचा सल्ला असा की, शिकताना दोन्ही बाजू शिकाव्या आणि पोहताना शरीर मागेल तितका श्वास द्यावा.

सरावाचा क्रम

ज्यांना हे करून पाहावयाचे असेल त्यांच्यासाठी क्रम सांगतो. सगळे छातीइतक्या पाण्यात, जाणकार माणूस जवळ असताना करावे.

पहिली पायरी उठाबशांची. कठडा धरून उभे राहावे, श्वास घ्यावा, पाण्याखाली बसावे, नाकाने गुणगुणत बुडबुडे सोडावे आणि वर येताना फुंकर मारून लगेच श्वास घ्यावा. न थांबता वीस वेळा. येथे दम लागला तर समजावे की, आपण हवा पुरती सोडीत नाही. हे साधल्याशिवाय पुढे जाऊ नये. आम्हांला याला एक आठवडा लागला.

दुसरी पायरी कठड्याशी वळण्याची. एका हाताने कठडा धरून, दुसरा हात मांडीशी ठेवून, पाय हलवीत पालथे पडावे. तोंड पाण्यात, बुडबुडे. मग मोकळ्या हाताच्या खांद्याबरोबर वळून श्वास. पुन्हा तोंड पाण्यात. वळताना खालचा कान पाण्यातच राहिला पाहिजे. जणू पुढे लांबविलेला हात ही उशी आहे आणि कान तिच्यावर टेकला आहे.

तिसरी पायरी एका हाताची. डावा हात पुढे स्थिर ठेवून फक्त उजव्या हाताने पोहावे आणि प्रत्येक हाताला श्वास घ्यावा. हात मांडीशी आला की तोंड बाहेर, हात पुढे पडण्याआधी तोंड आत. मग बाजू बदलावी.

चौथ्या पायरीला पूर्ण क्रॉल करावा, पण सावकाश आणि थोडे अंतर. दहा मीटर नीट झाले तर थांबावे. दम लागल्यावर वेळ बिघडते आणि बिघडलेल्या वेळेचा सराव केला तर तीच अंगवळणी पडते.

वय झाले, शरीर साथ देत नाही, असे म्हणणाऱ्यांना आम्ही आपल्याच सांगली जिल्ह्यातल्या मुरलीकांत पेटकरांचे नाव सांगतो. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून ते जायबंदी झाले आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या अपंगांच्या ऑलिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून त्यांनी भारताला सुवर्णपदक मिळवून दिले.

दोन सूचना

पहिली सूचना आमच्या तरुण मित्रांना. विहिरीत किंवा तलावात पाण्याखाली कोण जास्त वेळ राहतो, अशा पैजा लागतात. त्यासाठी काही मुले आधी जोरजोराने भराभर दहा-वीस श्वास घेतात आणि मग बुडी मारतात. हे कधीही करू नये. मघाशी आम्ही जी घंटा सांगितली ती आठवा. ती वाजते कर्बाम्ल वायू वाढल्यावर. भराभर श्वास घेतल्याने प्राणवायूचा साठा फारसा वाढत नाही, परंतु हा वायू मात्र धुऊन निघतो. मग पाण्याखाली प्राणवायू संपत आला तरी घंटा वाजत नाही आणि मुलगा कसलीही धडपड न करता तेथेच बेशुद्ध होतो. बेशुद्ध शरीर पुन्हा श्वास घेऊ पाहते आणि भोवती पाणी असते. उत्तम पोहणारे यात गेले आहेत. काठावरच्या माणसांना वाटते, पोरगा अजून बुडीत आहे.

दुसरी सूचना पुराविषयी. क्रॉल आला म्हणून पुराच्या पाण्यात उडी घेऊ नये. तेथे ओढ असते, खाली तारा, खांब, वाहून आलेली झाडे असतात. तेथे दोर, होडी आणि मान वर ठेवून पाहत जाणे हेच खरे. २०१९ सालचा तो पोरगा मान वर काढूनच गेला होता, आणि त्याने बरोबर केले. मग आम्ही क्रॉल का शिकलो? पाण्यात तोंड गेले की जी भीती वाटे, ती घालविण्यासाठी. ज्याला पाण्यात तोंड घालून शांतपणे श्वास सोडता येतो, तो अवचित पाण्यात पडला तरी पहिल्या क्षणी गडबडत नाही, आणि बुडणाराचा जीव बहुधा त्या पहिल्या क्षणांतच पणाला लागतो.

शेवटी आमच्या नेहमीच्या विषयावर येतो. त्यावाचून आमचे भाषण पुरे झाले असे आपल्यालाही वाटणार नाही! नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी रविवारची सुटी मागितली आणि १८९० साली ती मिळाली. सुटी दिली तर गिरण्या बुडतील, असे तेव्हा म्हणणारे होते. गिरण्या बुडाल्या नाहीत. श्वास सोडला तर आपण बुडू, या नवशिक्याच्या भीतीचीच ती बहीण होती. विश्रांती ही कामातून चोरून घ्यावयाची वस्तू नसून तिची जागा कामाच्या चालीतच ठेवावी लागते, हे आम्ही वर्षानुवर्षे दुसऱ्यांना सांगत होतो. स्वतःच्या छातीला ते सांगावयास मात्र पाण्यात उतरावे लागले.

आमच्या संघटनेने आता रात्रपाळी सुटणाऱ्या सभासदांसाठी सकाळी साडेआठचा वर्ग मागितला आहे. तलावाच्या वेळा नोकरदारांच्या सोयीने ठरलेल्या आहेत, पाळीवाल्यांच्या नव्हेत. अर्ज दोनदा परत आला. तिसरा दिला आहे. तोवर रविवारी आम्ही बाराजण जातो. त्यांतले सातजण अजून कठडा धरून उठाबशा काढीत आहेत. आपल्यापैकी कोणाला यावयाचे असेल तर अवश्य यावे. पहिल्या दिवशी आम्ही एवढेच विचारू, “बुडबुडे कोठे आहेत?”